आपली वाट, आपले पाऊल : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन



परीक्षांचे निकाल लागण्याचे दिवस आले की घरोघरी तुलनेचा बाजार भरतो. शेजारच्या मुलाला किती गुण मिळाले, चुलतभावाला कोठे प्रवेश मिळाला, मैत्रिणीची मुलगी परदेशी कशी गेली, याच मापाने आपल्या लेकरांना मोजले जाते. ही सवय शाळेपुरती राहत नाही. संसारात, नोकरीत, धर्मग्रामाच्या गायनवृंदात आणि आम्हा धर्मगुरूंच्या आयुष्यातही ती डोकावते. ज्याला स्वतःपेक्षा थोर कोणी दिसतो तो खचतो, ज्याला स्वतःपेक्षा लहान कोणी दिसतो तो फुगतो. दोघांचीही वाटचाल मात्र तेथेच थांबते.

या विषयावर उपदेश करण्यापेक्षा एका स्त्रीचे जीवन वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथामुळे लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचे वळण आपल्या नागपूरशी जोडलेले आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या, त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतील होत्या. परंतु इतर ख्रिस्ती बंधुभगिनींच्या ठायी दिसणारी ख्रिस्ताची संपत्ती आपण आनंदाने ओळखावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात आपल्याला शिकवले आहे. त्याच भावनेने आम्ही हे लिहीत आहोत.

सोवळ्याच्या घरात

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात त्यांना मनू म्हणत. वडिलांचे सोवळे-ओवळे पराकोटीचे होते. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या मनाचा तोल गेला आणि शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने त्यांना पछाडले. स्पर्श, सावली, भांडी, धान्य, सारे काही संशयास्पद. त्या घरातील बायकामुलांचे दिवस धुण्या-पाखडण्यात आणि धाकात गेले. लक्ष्मीबाईंनी पुढे या दिवसांचे वर्णन केले ते मात्र कडवटपणाने नव्हे. त्यांनी ते अशा विनोदाने केले की वाचक हसतो आणि लगेच गंभीर होतो.

सोवळे म्हणजे केवळ स्वच्छतेचा अतिरेक नव्हे, हे आपण येथे ध्यानात घेतले पाहिजे. ती माणसामाणसांतील तुलनेचीच एक पक्की बांधलेली व्यवस्था होती. कोण वर, कोण खाली, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे जन्मापूर्वीच ठरलेले असे. त्या शिडीवर आपण उंच पायरीवर आहोत, ही जाणीव मनूला पाळण्यातच मिळाली होती. पुढे आयुष्याने त्यांना दुसऱ्या एका शिडीवर उभे केले आणि तेथे त्यांची पायरी अगदी खालची होती.

विद्वानाची अशिक्षित पत्नी

१८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा. बुद्धी तल्लख, संस्कृतचा व्यासंग, वक्तृत्व उत्तम, काव्यप्रतिभा उपजत. स्वभाव मात्र कमालीचा मनस्वी. आज येथे तर उद्या तेथे. नोकरी धरली तशी सोडली. हातात आलेला पैसा मागणाऱ्याच्या ओंजळीत टाकला. कधी कधी तर घरी न सांगताच ते निघून जात. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. पतीने मन लावून शिकवावे तर त्याला धीर नसे आणि धीर असला तर सवड नसे. अशा मोडक्या-तोडक्या शिकवणुकीतून त्या लिहा-वाचायला शिकल्या. पहिल्या मुलांचे मृत्यू, सासऱ्यांचा कोपिष्ट स्वभाव, गावोगावची बिऱ्हाडे आणि सततची ओढाताण यांतून तो संसार चालला होता.

याच भ्रमंतीत टिळक नागपुरास आले. येथील धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले आणि ‘ऋषि’ नावाच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. आपला नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला, म्हणजे त्या वेळी तो अवघा काही वर्षांचा होता. पंडितांच्या सभांमध्ये टिळकांचे नाव होत होते. घरात लक्ष्मीबाई चूल, मूल आणि रिकामे डबे सांभाळीत होत्या. एकाच छपराखाली विद्वत्ता आणि निरक्षरतेच्या उंबरठ्यावरचे शिक्षण नांदत होते. जगाच्या दृष्टीने या दोघांची तुलना करण्याचेही कारण नव्हते, इतके अंतर उघड होते.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून आजच्या छत्तीसगडमधील राजनांदगावकडे रेल्वेने जात असता एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या वाचनाने टिळकांच्या अंतःकरणात जे सुरू झाले ते १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्म्याने पूर्ण झाले. घरच्यांना त्यांनी आधी काही सांगितले नव्हते.

पाच वर्षांची कसोटी

त्या काळी ब्राह्मण घरातील कर्त्या पुरुषाने ख्रिस्ती होणे म्हणजे पत्नीसाठी जिवंतपणीचे वैधव्यच होते. लहानग्या दत्तूला, म्हणजेच पुढे देवदत्त नारायण टिळक म्हणून प्रसिद्ध झालेल्या मुलाला, पदराशी धरून लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने नाशिक आणि पंढरपूर येथे दिवस काढू लागल्या. लोकांच्या नजरा, कुजबुज, सहानुभूतीच्या आडून येणारे टोमणे हे सर्व त्यांनी सोसले. ज्या स्त्रियांचे संसार सुरळीत चालले होते त्यांच्याकडे पाहून स्वतःच्या नशिबाला बोल लावण्यास याहून अधिक सबळ कारण कोणते असू शकते?

नेमक्या याच काळात लक्ष्मीबाईंच्या हातून पहिल्या कविता लिहिल्या गेल्या. त्या प्रसिद्धीसाठी नव्हत्या आणि कवी असलेल्या पतीशी बरोबरी करण्यासाठी तर नव्हत्याच. दुःखाला वाट हवी होती आणि हाताशी जी थोडीशी अक्षरे होती ती त्यांनी त्या कामी लावली. आपल्याजवळ काय नाही याची यादी त्यांनी केली नाही. जे होते त्याचा उपयोग केला. आध्यात्मिक जीवनातील प्रगतीचा आरंभ बहुधा असाच साधा असतो.

पुढे त्या टिळकांकडे अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहावयास गेल्या. पण पतीचा धर्म त्यांनी लगेच स्वीकारला नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही आणि लक्ष्मीबाईंनी पतीला बरे वाटावे म्हणून वरवरचा होकार दिला नाही. एकाच्या वेगाने दुसऱ्याने धावावे असे या प्रवासात नसते, ही जाण दोघांनाही येत गेली असावी.

मग हळूहळू त्यांच्या मनात जातिभेदाविषयी प्रश्न उभे राहिले. उच्च-नीचता देवाने निर्माण केली असती तर तिची खूण माणसाच्या देहावर कोठे तरी दिसली असती. ती दिसत नाही, तेव्हा हा माणसाचाच खेळ आहे, अशा दिशेने त्या विचार करू लागल्या. हा विचार त्यांनी कोणा पंडिताच्या ग्रंथातून उचलला नव्हता. स्वतःच्या मनाशी झगडून तो त्यांना गवसला होता. एकदा तो पटल्यावर ज्यांच्या हातचे पाणी निषिद्ध मानले होते त्यांच्या हातचे पाणी त्यांनी घेतले. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली, राहुरी येथे त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

आमच्या मते लक्ष्मीबाईंच्या जीवनातील सर्वांत मोठी घटना हीच आहे. स्वतःला उंच ठरवणारी शिडी त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला केली. दुसऱ्यापेक्षा आपण खाली आहोत ही जाणीव सोडून देणे त्या मानाने सोपे असते, कारण ती टोचत असते. दुसऱ्यापेक्षा आपण वर आहोत ही जाणीव सोडणे कठीण, कारण ती गोड लागते. तुलनेपासून खरी मुक्ती हवी असेल तर ही दोन्ही टोके सुटावी लागतात. पहिले टोक त्यांनी राहुरीत सोडले. दुसरे सुटायला आणखी काही वर्षे लागायची होती.

प्रतिभावंतांच्या सावलीत

अहमदनगरचे टिळकांचे घर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे घर. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, प्रवचनकार अशा साऱ्यांना तेथे ओसरी मोकळी होती. ‘बालकवी’ या नावाने अजरामर झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) हेही या घरात मुलासारखे राहिले. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते आणि फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ख्याती महाराष्ट्रभर झाली होती. एका घरात मराठीतील दोन पहिल्या प्रतीचे कवी! आणि त्यांच्या जेवणाची ताटे वाढणारी ही गृहिणीही कविता करीत होती.

असे घर एखाद्याला कायमचे मुके करू शकते. आपल्या तोंडचा शब्द बाहेर पडण्यापूर्वीच तो थोरांच्या शब्दापुढे फिका वाटतो आणि गिळला जातो. आपल्या धर्मग्रामांतून आम्ही हे अनेकदा पाहतो. एखाद्या भगिनीचा आवाज गोड असतो, पण प्रमुख गायिकेपुढे आपले काय, म्हणून ती गातच नाही. एखाद्या तरुणाला बायबलचा अभ्यास करावासा वाटतो, पण मित्राचे इंग्रजी चांगले म्हणून तो मागे सरतो. दान मिळालेले असते, ते तुलनेच्या मातीत पुरले जाते. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील एक थैली मिळालेला चाकर नेमके हेच करतो (मत्तय २५). त्याच्या धन्याने त्याला पाच थैल्या मिळालेल्या चाकराचा हिशेब विचारलाच नव्हता.

लक्ष्मीबाईंनी आपली थैली पुरली नाही. त्या लिहीत राहिल्या, मुले सांभाळीत राहिल्या. पतीच्या विद्वत्तेचा त्यांना अभिमान होता आणि त्याच्या विक्षिप्तपणाची त्या मनसोक्त थट्टाही करीत. ज्याच्याशी आपण मनातल्या मनात स्पर्धा करीत असतो त्याच्यावर असे निखळ प्रेम आणि त्याची अशी निर्मळ थट्टा जमत नाही. तेथे एकतर पूजा होते किंवा हेवा.

अपुरा राहिलेला ग्रंथ

१९०९ साली टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प सोडला. तोच ‘ख्रिस्तायन’ हा ग्रंथ. परंतु १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ते साताऱ्यास गेले, तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे नवे कार्य उभारण्यास घेतले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते.

लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा एक्कावन्नच्या घरात होते. पोटापाण्यासाठी त्यांनी काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, पुढे मुलाच्या नोकरीमुळे त्या कराचीला गेल्या. आणि या विधवेने, जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, महाकवीचा अपुरा ग्रंथ पुरा करावयास घेतला. सुमारे ६४ अध्याय त्यांनी लिहिले. म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ‘ख्रिस्तायन’ प्रकाशित झाले.

क्षणभर विचार करा. एकाच ग्रंथात, एकाच छंदात, आधी टिळकांची रचना आणि लगेच पुढे आपली. याहून उघडी तुलना दुसरी कोणती? वाचक पान उलटणार आणि तोलणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरी त्यांनी लेखणी उचलली. टिळकांचे पांडित्य उसने न घेता, आपल्या साध्या, घरगुती, प्रासादिक भाषेत प्रभूची कथा त्यांनी शेवटास नेली. आपण टिळकांइतके चांगले लिहू शकू काय, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला असता तर पहिली ओवीच उतरली नसती. प्रभूची कथा पुरी व्हायला हवी आणि आज आपल्याला पुढची ओवी लिहिता येते, एवढेच त्यांनी पाहिले असावे. दुसरे टोक येथे सुटले.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही असाच आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. पतीविषयी लिहिता लिहिता लक्ष्मीबाईंचे स्वतःचे जीवन कागदावर उतरले. १९३४ ते १९३६ या काळात ते भागांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना झाली. त्यांत अलंकार नाहीत, पांडित्य नाही, स्वतःची बाजू मांडण्याची धडपड नाही. एक बाई जशी बोलते तशी ती लिहिते, आणि तसे कोणीच लिहिलेले नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई प्रभूठायी विसावल्या.

कोणाच्या मागून?

‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाले. मी मागून जाते, असा त्याचा अर्थ. पहिल्या वाचनात वाटते की पत्नी पतीच्या मागून चालली, एवढेच त्यातून सुचवायचे असेल. परंतु इंग्रजीतील जुन्या किंग जेम्स बायबलमध्ये हेच शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१२) येतात. संत पौल तेथे सांगतो की आपण अजून पूर्णत्वास पोहोचलेलो नाही, पण ख्रिस्ताने आपल्याला ज्यासाठी धरले ते हाती यावे म्हणून आपण धावत आहोत. मागचे मागे टाकून तो पुढच्या लक्ष्याकडे पाहतो. शेजारून धावणाऱ्याचा उल्लेखही तेथे नाही. लक्ष्मीबाईंच्या जीवनाला हाच अर्थ अधिक शोभतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात (२१:२०–२२) पेत्र मागे वळून प्रिय शिष्याकडे पाहतो आणि याचे काय होणार, असे प्रभूला विचारतो. मेंढरांचा सांभाळ करण्याची जबाबदारी नुकतीच मिळालेली असतानाही त्याची नजर दुसऱ्याच्या वाट्याकडे जाते! त्याची चिंता तू करू नकोस, तू माझ्या मागून ये, अशा आशयाचे उत्तर प्रभू त्याला देतो. संत पौलही गलतीकरांना (६:४) हेच सांगतो की प्रत्येकाने आपल्याच कामाची पारख करावी, दुसऱ्याच्या कामाशी ताडून नव्हे.

आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांनीही १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनविषयक ग्रंथात हाच धडा दिला. प्रत्येक झाड आपापल्या जातीचे फळ देते, तशी बिशपाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, विवाहितेची वेगळी, असे त्यांनी शिकवले. पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांच्या छायेखाली लक्ष्मीबाईंसारख्या लेखिकेचे स्मरण करणे आम्हांस उचितच वाटते.

मात्र एक गैरसमज होऊ नये. तुलना सोडणे म्हणजे आहे तेथेच समाधानाने बसून राहणे नव्हे. लक्ष्मीबाई बसून राहिल्या नाहीत. सोवळ्यातून माणुसकीकडे, अक्षरओळखीतून ओवीकडे, ओवीतून ग्रंथाकडे त्या चालत राहिल्या, आणि त्यांची सर्वांत मोठी कामे पन्नाशी उलटल्यावर झाली. दुसऱ्याशी तुलना करणारा मनुष्य आपण कितवे आहोत एवढेच पाहतो. स्वतःच्या प्रगतीकडे पाहणारा काल मी कोठे होतो आणि आज प्रभूने मला कोठवर आणले, हे पाहतो आणि पुढचे पाऊल टाकतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की या वर्षी मुलाची गुणपत्रिका हाती घेताना शेजारच्या मुलाची नव्हे, त्याचीच गेल्या वर्षीची गुणपत्रिका शेजारी ठेवावी. आणि रात्रीच्या आत्मपरीक्षणात आपण प्रत्येकाने एवढेच विचारावे : आज माझ्याकडून कोणते पाऊल पुढे पडले? पडले असेल तर देवाचे आभार मानावेत. पडले नसेल तर उद्याचा दिवस तो आपल्याला देतच आहे.